गडावरच्या मिलोच्या भाकरी

"तिला भाजी चिरू दे. पीठ मात्र तू मळ."

आवाज सुलभाचा होता. गुहेच्या पुढच्या अंगाला एक मोठा कातळ होता आणि त्याच्या खालून ओढ्याची बारीक धार वाहत होती. त्या धारेत मी वांगी धूत बसले होते. कातळाच्या वरच्या बाजूला सुलभा आणि नलिनी चूल मांडत होत्या. त्यांना मी दिसत नव्हते आणि मला त्या दिसत नव्हत्या, पण उन्हं कलली की डोंगरात आवाज जवळ येतो.

"का गं?" नलिनी म्हणाली. "तिला येत असेल की मळायला."

"येत असेल. येण्याचा प्रश्नच नाही." दगडावर दगड बसवल्याचा आवाज झाला. "जाधव दोन्हीकडे असतात, नलू. एवढंही कळत नाही तुला?"

मग काटक्या मोडल्याचा आवाज आला, आणि सुलभा नेहमीच्या मोकळ्या आवाजात ओरडली, "सुमन, झाली का गं वांगी धुऊन? आण लवकर, भुकेने जीव चाललाय!" मी "आले" म्हटलं. वांगी ओल्या ओढणीत बांधली, वर चढले, आणि विळी पुढ्यात घेऊन निमूट चिरायला बसले. चिरताना माझा हात थरथरला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे अनेक वर्षं मला वाटत राहिलं की तो थरथरायला हवा होता.

आम्ही नगरच्या कॉलेजातल्या दहा-बारा मुली हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. सोबत वनस्पतिशास्त्राच्या मॅडम होत्या. मुलींनी पाठीवर पिशव्या टाकून डोंगरात मुक्कामाला जायचं ही गोष्ट त्या काळी घराघरांत भांडणं लावणारी होती, आणि ती भांडणं जिंकून आम्ही आलो होतो, म्हणून सगळ्या जरा चढ्या आवाजातच बोलत असू. चढणीवर मॅडमचा पाय मुरगळला होता. त्या गुहेत पाय पसरून, गुडघ्यावर घोंगडी घेऊन बसल्या होत्या आणि कारभार सुलभाकडे आला होता. सुलभा आमच्याहून एक वर्ष पुढे होती. उंच, सडसडीत. केस वर बांधून पँट घालणारी कॉलेजातली ती एकटीच. कड्याच्या वाटेवर ती सगळ्यांच्या पुढे असे, आणि मागे वळून एकेकीला हात देई. त्या दिवसापर्यंत मला ती फार आवडत होती. खरं सांगायचं तर त्यानंतरही थोडी आवडतच राहिली. माणूस आवडणं इतक्या सहज थांबत नाही.

मी गटात असून नसल्यासारखी होते. माझं सगळं शिक्षण सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत झालेलं. तिथे वर्गात मराठी शब्द तोंडातून गेला तर गळ्यात लाकडी पाटी अडकवत. कॉलेजात आले तेव्हा माझं मराठी पुस्तकी होतं आणि इंग्रजी बाकीच्या मुलींना टोचणारं. दोन्ही भाषांत हसं होण्यापेक्षा गप्प बसणं बरं, असं मी ठरवून टाकलं होतं. मुली त्याला शिष्टपणा म्हणत. "मडमबाई आल्या," असं मी वर्गात शिरताना कोणीतरी हळूच म्हणे. नलिनी तेवढी बाकावर माझ्याशेजारी बसायची, माझ्या इंग्रजीच्या वह्या घरी न्यायची आणि परत देताना त्यात बडीशेपेची पुडी ठेवायची. ती नसती तर मी या सहलीला आलेच नसते. गप्प राहण्याचा एक फायदा मात्र होता. गप्प माणसाला कोणी फार काही विचारत नाही. मी कोणाला काही खोटं सांगितलं नव्हतं. मला विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं.

भिंगारला छावणीच्या कडेला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. दादा, म्हणजे माझे वडील, लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होते. पहाटे छावणीचा बिगुल वाजे आणि त्याच्यावर ताल धरल्यासारखी आईच्या भाकरीची थापटी सुरू होई. बिगुल, थापटी, मग रस्त्यावरून लष्करी ट्रकांची रांग, मग दादांच्या बुटांवर ब्रशचा खरखर आवाज. या क्रमात माझं सगळं बालपण गेलं. शाळेच्या डब्यात मला पाव आणि जॅम असे, कारण दादांनी शाळेच्या फाटकातून इतर मुलींचे डबे पाहिले होते. पावाचे ते पांढरे तुकडे मी दुपारी कर्तव्य म्हणून खाई, आणि संध्याकाळी घरी आले की दप्तर टाकायच्या आधी सकाळची शिळी भाकरी, तेल आणि तिखट घेऊन उंबऱ्यावर बसे. आई मला चुलीपाशी येऊ देत नसे. "तुझं बोट भाजलं तर पेन कोण धरील?" म्हणे. भाकरी करायला मी शिकले ते सुट्टीत, पारनेरकडे आत्याच्या घरी. आत्याला माझ्या पेनाचं काही कौतुक नव्हतं.

दादांच्या नावाची एक गोष्ट इथे सांगायला हवी. त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आजीने त्यांचं नाव दगडू ठेवलं. दगडाला कोण नेणार? मी कडेवर होते तेव्हा दादांनी दीक्षा घेतली, घरातले जुने देव ओढ्याला नेऊन सोडले. बऱ्याच जणांनी त्या वेळी मुलांची आणि स्वतःचीही नावं बदलली. दादांनी आपलं बदललं नाही. "आईनं मला जगवायला ठेवलंय ते," म्हणायचे. त्यांचा मला एकच नियम होता. कोणी नाव विचारलं तर पुरतं सांगायचं, मधलं गिळायचं नाही, आणि सांगताना मान खाली घालायची नाही. पण शाळेच्या पटावर सिस्टरांनी मला एस. डी. जाधव करून टाकलं होतं आणि त्या 'डी'च्या आडोशाला मला फार सुरक्षित वाटायचं. कॉलेजात तर मी 'डी'ही सोडला. सुमन जाधव. एवढंच.

वांगी चिरता चिरता मला गेले दोन दिवस दिसू लागले. रचून ठेवलेले कागद वाऱ्याने एकेक उलटावेत तसं. चढताना सगळ्यांचं पाणी संपलं होतं, माझी पाण्याची पिशवी अर्धी भरलेली होती. मी ती पुढे केली तेव्हा सुलभा म्हणाली, "राहू दे, पुढे झरा आहे," आणि कोरड्या घशाने तशीच चढत राहिली. मला वाटलं, किती कणखर आहे! सकाळचा चहा मी गाळला तर आमच्यातल्या विमलला नेमकं पित्त झालं होतं. आणि चिवडा? माझ्या डब्यातला आईचा चिवडा मात्र सगळ्यांनी, सुलभा-विमलसकट, ओंजळी भरभरून खाल्ला होता, आणि वर आईच्या हाताची तारीफही केली होती.

निघायच्या आदल्या दिवशी मी आईला म्हटलं होतं, "चिवडा नको, धपाटे दे ना. सगळ्यांना आवडतील." आई चुरमुऱ्यांवर फोडणी ओतत होती. वर न बघता म्हणाली, "कोरडंच बरं." मी कारण विचारलं नाही. मला वाटलं, टिकेल म्हणून म्हणतेय. आता विळीवर बसल्यावर मला तिचं दुसरं एक वाक्य आठवलं. संक्रांतीला डेपोतल्या साहेबांच्या बायका आमच्या दारात यायच्या, तिळगूळ घ्यायच्या, हसून बोलायच्या, आणि चहा ठेवते म्हटलं की प्रत्येकीला घरी काहीतरी काम आठवायचं. त्या गेल्या की आई कपबशा पुन्हा फळीवर ठेवताना म्हणायची, "कोरडं चालतं त्यांना. ओलं झालं की घर आठवतं." हसून म्हणायची ती हे. मीही लहानपणी हसायचे. धान्य चालतं, कच्ची भाजी चालते, तीळ चालतात, चिवडा चालतो. पिठात पाणी पडलं की मात्र त्या पाण्यातून आमचा हात त्यांच्या पोटापर्यंत पोचतो. आईला हे सगळं ठाऊक होतं. माझा अपमान होऊ नये म्हणून तिने आधीच डबा तसा भरून दिला होता. मला सुलभाचा राग आला होता खरा, पण या डब्याचा जास्त आला. आपल्या आईला आपल्यासाठी इतकं पुढचं बघावं लागतं याचा.

पण भूक या सगळ्याहून जुनी आहे, आणि ती त्या दिवशी सगळ्यांना होती. दोन दिवस आम्ही चिवडा, गूळ-शेंगदाणे आणि घरून आणलेल्या वाळक्या पोळ्यांवर काढले होते. त्या दिवशी दुपारी खालच्या वाडीतली एक बाई डोक्यावर पाटी घेऊन वर आली. पाटीत वांगी होती, पावट्याच्या कोवळ्या शेंगा, कांद्याची पात, लसणाची हिरवी पात, मिरच्या. "घ्या की पोरींनो," ती म्हणाली, "आत्ताच खुडून आनलंय. कोरडं काय चावता, दात पडतील." ते दुष्काळाचं वर्ष होतं. नगरपासून पारनेरपर्यंत विहिरींच्या तळाला भेगा पडल्या होत्या, माझी आत्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती आणि दुपारी तिथे वाटली जाणारी पौष्टिक पिठाची सुकडी पदराला बांधून घरी आणत होती. त्याच जिल्ह्याच्या या टोकाला डोंगरातून पाणी वाहतंय आणि पातीवर पाण्याचे थेंब आहेत, हे मला खरंच वाटेना. मी ती पात हातात घेऊन नुसती हुंगत राहिले. सुलभाने सगळी पाटीच घेतली आणि जाहीर केलं, "आज गरम जेवण. रस्सा, ठेचा आणि भाकरी. पोट फुटेपर्यंत!" मुलींनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनीही वाजवल्या.

रस्सा सुलभाने केला आणि उत्तम केला. ती काही वाईट स्वयंपाक करत नव्हती. तेलात लसणाची पात पडली तेव्हा गुहेतल्या मुली एकेक करून बाहेर येऊन बसल्या. वांग्याच्या फोडी, सोललेले पावटे, घरून आणलेला कांदा-लसणाचा मसाला, मुठीने टाकलेला दाण्याचा कूट. पातेल्याला लाल तवंग आला. विमलने दगडावर मिरच्या आणि मीठ ठेचलं. राहता राहिल्या भाकरी.

पीठ मिलोचं होतं, सहलीसाठी कॉलेजने रेशनवरून घेऊन दळून आणलेलं. आजच्या वाचकांना हा शब्द सांगावा लागेल. त्या वर्षी रेशनवर परदेशातून आलेली लालसर ज्वारी मिळायची, तिला सगळे मिलो म्हणत. तिकडे ती जनावरांना घालतात, अशी आमच्याकडे आवई होती. ते खरं की खोटं मला माहीत नाही, पण आम्ही माणसांनी खाल्ली. बऱ्या घरांत कुठून कुठून गहू मिळवत आणि मिलोची पिशवी कामवालीला देऊन टाकत. सुलभाच्या आणि नलिनीच्या घरात तेच होत असावं, कारण त्या दोघींपैकी कोणीच मिलोचं पीठ कधी हातात धरलं नव्हतं. नलिनीने परातीत पीठ घेतलं, ओढ्याचं गार पाणी घातलं आणि शाळू ज्वारीचं मळावं तसं मळायला घेतलं. गोळा झालासा वाटला. थापायला लागली तर काठाला चिरा पडल्या. उचलायला गेली तर अर्धी भाकरी परातीत आणि अर्धी हातात. दुसरी तव्यापर्यंत पोचली आणि तिथे तिचे तीन तुकडे झाले. धुराने नलिनीचे डोळे वाहत होते, निदान ती तरी धुराने म्हणत होती.

"अगं, नकाशे काय करतेस? भाकरी कर!" कोणीतरी म्हणालं.

"हा बघा महाराष्ट्र, हा गुजरात, आणि हा तव्यात पडला तो गोवा."

सगळ्या हसल्या. सुलभाने बाही सारून स्वतः दोन करून पाहिल्या. तिचेही नकाशेच झाले. पीठ तर मोजकंच. मी बाजूला बसून बघत होते. मला आत्या दिसत होती, खडीने फुटलेल्या बोटांनी परात ओढणारी. "परदेशी जोंधळा हाय ह्यो," ती म्हणायची. "गार पान्याला भीक घालत न्हाई. चटका दिल्याबिगर त्येला अक्कल येत न्हाई. उकळतं वत, लई लाड करू नगं." मला एवढंच म्हणायचं होतं की पाणी उकळून घाला. म्हणाले नाही. मला पीठ मळू द्यायचं नव्हतं ना? मग करा तुम्ही. होऊ देत नकाशे. अशी मी मनातल्या मनात ताठ बसून राहिले आणि त्या ताठपणात मला सुखही वाटलं.

तेवढ्यात नलिनीने पिठाच्या हातांनीच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सुमन, तुला येतात का गं?"

सुलभाने झटकन तिच्याकडे पाहिलं. पण प्रश्न सगळ्यांसमोर पडला होता.

"येतात," मी म्हटलं.

"या असल्या पिठाच्या?"

"आमच्याकडे सध्या हेच असतं."

सुलभा उठली, माझ्या खांद्याला धरून मला कातळाच्या कडेला घेऊन गेली. तिने मला प्रथमच स्पर्श केला होता का? हात देऊन चढवलं होतं तेव्हा केला होता. हाताचं तिला काही नव्हतं. ती हळू आवाजात, अगदी जिव्हाळ्याने बोलली. तो जिव्हाळा खोटा नव्हता, म्हणूनच तो आजही माझ्या घशात अडकतो.

"हे बघ सुमन, मला स्वतःला काही वाटत नाही. शपथ. पण विमलच्या घरचं फार कडक आहे. अजूनही दोघी-तिघींचं आहे. कळलं तर त्या ताटावरून उठतील, आणि मग तुलाच वाईट वाटेल. असं करू या. तू कर. नलू तुझ्याशेजारी बसेल आणि वाढेल तीच. नलूनेच केल्या म्हणू या. सगळ्या पोटभर जेवतील, तुलाही त्रास नाही. चालेल ना?"

मी मान हलवली. त्या वयात मान हलवणं ही माझी तिसरी भाषा होती आणि तिचा अर्थ प्रत्येकजण आपल्याला हवा तसा लावत असे. सुलभाने "गुणी गं माझी" म्हणून माझा गाल थोपटला. मग तिने मुलींना धुराच्या निमित्ताने गुहेच्या तोंडाशी बसवलं आणि सांगितलं की सुमन फक्त कसं ते दाखवेल, करेल नलूच.

मी चुलीपाशी बसले. पातेलीत पाणी ठेवलं, त्यात मीठ टाकलं, खळखळ उकळू दिलं. नलिनीचा फसलेला गोळा कुस्करून कोरड्या पिठात मिसळला. पिठात आळं केलं, उकळतं पाणी ओतलं, काटकीने ढवळलं आणि वर ताट झाकलं. मग वाफ कोंडल्या पिठात हात घातला. हात पोळले. आत्या म्हणायची तसं पोळल्याशिवाय ते पीठ ऐकतच नाही. तळहाताच्या कडेने रेटत रेटत मळत गेले आणि हळूहळू त्या फुटीर पिठाला चिकटपणा आला, गोळा लोण्यासारखा वळला. पहिली भाकरी थापली. थापटीचा आवाज गुहेच्या कातळावर आपटून परत आला, आणि माझ्या कानात त्याच्या आधी बिगुल वाजला. परात फिरवत, हाताला पीठ लावत ती मोठी केली, अलगद उचलली, तव्यावर पालथी टाकली, वर पाण्याचा हात फिरवला. ओला हात. तो फिरवताना मी थांबले होते का? नाही. मी तो जरा जास्तच सावकाश फिरवला. उलटली, शेकली, तवा काढून निखाऱ्यांवर धरली, आणि ती फुगली. टम्म फुगली.

"अगं, फुगली! नलूची फुगली!" गुहेच्या तोंडाशी बसलेल्या मुली ओरडल्या. तिथून त्यांना चुलीचा धूर आणि आमची डोकी तेवढी दिसत होती.

नलिनी माझ्याशेजारी काटक्या सारत बसली होती. तिने ओठ चावला. "सुमन," ती कुजबुजली, "मला हे बरं वाटत नाहीये."

"मग सांग त्यांना."

"सुलभा ओरडेल गं."

"हो," मी म्हटलं आणि दुसरा गोळा घेतला.

आजकाल नगरला सावेडीकडे जाताना रस्त्यावर दर दोन दुकानांनंतर एक हॉटेल लागतं आणि दारात फलक असतो, 'चुलीवरची भाकरी मिळेल'. माझा नातू मला तिथे हौसेने नेतो. आत मोटारीतून आलेली माणसं भाकरीचा पापुद्रा काढून वाफ बघत असतात आणि चुलीपाशी कोण बसलंय हे कोणी विचारत नाही. माझ्या बरोबरीच्या बायका म्हणतात, बघ, काळ बदलला. असेल बदलला. पैसे देऊन खाताना माणसं कधीच फार विचारत नव्हती, हेही मला आठवतं. मी भाकरी मोडते आणि मनात म्हणते, कुणाच्या नावावर खपतेय गं तू?

कारण त्या संध्याकाळी मला उमगलं ते हेच. मला मळू न देणं मी सोसू शकले असते. ते आईने सोसलं होतं, आत्याने सोसलं होतं, आमच्या अंगवळणी होतं ते. पण माझ्या हाताला फोड आणून, माझ्या आत्याची विद्या घेऊन, वर तिच्यावर नलिनीचं नाव घालून पोट भरायचं, आणि मी त्याला मान हलवायची? एकेक भाकरी निखाऱ्यावरून उतरत होती, कापडात एकावर एक चढत होती, आणि दर भाकरीला गुहेकडून ओरडा होत होता, "वा नलू! जिंकलंस नलू!" आठव्या-नवव्या भाकरीला माझा राग निवला. त्या जागी एक स्वच्छ, कोरडी गोष्ट उरली. मला कळलं की मी बोलणार आहे. फक्त त्यांनी घास घ्यायच्या आधी बोलायचं. खाऊन झाल्यावर सांगितलं तर तो डाव झाला असता, आणि मला डाव खेळायचा नव्हता. जिला नको तिला उठायला जागा मिळाली पाहिजे. आणि जी बसेल ती समजून-उमजून बसली पाहिजे.

पानं मांडली गेली. पळसाच्या पानांच्या पत्रावळी होत्या. रस्सा वाढून झाला, ठेच्याचे लाल-हिरवे गोळे कडेला बसले, कांद्याची पात मोडून ठेवली. मावळतीचं ऊन गुहेत आडवं आलं होतं आणि सगळ्यांच्या तोंडावर तांबूस उजेड होता. मॅडम घोंगडी सारून पंगतीत येऊन बसल्या होत्या. सुलभाने नलिनीला डोळ्याने खूण केली. नलिनी भाकरींचं गाठोडं घ्यायला वाकली. तिची बोटं कापडाला लागली आणि तिथेच थांबली, कारण दुसऱ्या बाजूने मी कापड धरलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हात काढून घेतला, आणि हे तिचं माझ्यावर ऋण आहे, की तिने ओढाओढ केली नाही.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे ते शेवटी आडवं येणार नाही. पहिली भाकरी मॅडमनी मागून घेतली, हे खरं. आणि घेतल्यावर, आपण सगळ्या कशा एक आहोत यावर त्यांनी बराच वेळ भाषण केलं, हेही खरं. मला ते भाषण भाकरीपेक्षा जड गेलं. विमल उठली नाही. ती माझ्याकडे न बघता दोन भाकरी जेवली आणि तिसरीला हात पुढे केला. तिच्या घरच्या कडकपणाबद्दल सुलभाला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. दोघी उठल्या. नलिनी माझ्या पानात जेवली, कारण तिला तिची पत्रावळ सापडेना असं ती म्हणाली, आणि ती रडत होती आणि या वेळी धूर नव्हता. सुलभाने रस्सा नुसताच प्यायला, मग गुहेत जाऊन माझ्या डब्यातला चिवडा काढला आणि उभ्या उभ्या खाल्ला. कोरडा. उतरताना कड्याच्या वाटेवर तिने सगळ्यांना हात दिला, मलाही पुढे केला. मी तो घेतला नाही. दगड धरून उतरले. घरी गेल्यावर आईला रिकामा डबा दिला आणि म्हटलं, पुढच्या वेळी धपाटे. तिने माझ्या तळहाताचे फोड पाहिले. दादांना मात्र मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, बुटाला पॉलिश लावत राहिले, आणि म्हणाले, "पुरतं सांगितलंस ना?"

पुरतंच सांगितलं होतं. गाठोडं कडेवर धरून मी पंगतीसमोर उभी राहिले होते. आवाज फुटला तो माझ्याच ओळखीचा नव्हता, इतका मोठा आला. कातळावर आपटून तो परत आला तेव्हा मलाही तो पुन्हा एकदा ऐकू आला.

"या भाकरी नलिनीने केलेल्या नाहीत, मी केल्यात. पीठ मी मळलंय, पाणी माझ्या हाताचं आहे. माझं नाव सुमन दगडू जाधव. आम्ही बौद्ध आहोत. जिला उठायचंय तिने आत्ताच उठावं, आणि बाकीच्यांनी पानं पुढे करा, भाकरी गार होतायत."